आत्ते तरणी झाली तेव्हा

दिवाळी होऊन गेली होती, भात खळ्यावर आलं होतं आणि मी आमच्या पाड्यात फॉर्म भरत फिरत होते. मी आशा सेविका आहे, सूर्यमाळच्या बाजूच्या चार पाड्यांची. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला काही प्रश्न विचारायचे आणि होय किंवा नाहीवर खूण करायची, असं ते काम. तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ लागते का. पुरुषांचे फॉर्म पटापट होतात, कारण ते सगळ्यालाच नाही म्हणून मोकळे होतात. बायकांना वेळ लागतो. त्या आधी मलाच चार प्रश्न विचारतात.

त्या दुपारी खळ्याच्या कडेला सात-आठ जणी बसल्या होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणी उडीद पाखडत होती, कुणी नुसतीच पाय पसरून. मी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते. वाचता वाचता तो आला: पाळी कायमची गेल्यावर परत कधी अंगावरून रक्त गेलं का?

मग हसू फुटलं ते असं की सुपातले उडीद सांडले. त्यातली एक म्हातारी कानानं कमी. ती म्हणाली, "काय पुसते गे ही?" शेजारणीनं तिच्या कानाला तोंड लावून प्रश्न परत सांगितला, इतक्या जोरात की पलीकडे भात झोडणारे बाप्ये हात थांबवून बघायला लागले. ते बघून बायका आणखीच हसल्या.

आणि तेवढ्यात माझी आत्ते उठली. लुगड्याचा पदर कमरेला खोचला, एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "मला आली की! दोन येळा आली. लिही, तरणी झाले मी परत!"

"मंग आता नवरा बघ," कुणीतरी ओरडलं.

"बघूनच ठेवलाय," असं म्हणून तिनं पेंढ्याला टेकून उन्हात डुलक्या काढणाऱ्या आमच्या पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बोट केलं.

मी एवढी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हातातलं पेन खाली पडलं. ते उचललं, आत्तेच्या फॉर्मवर 'नाही' अशी खूण केली आणि पुढच्या बाईकडे वळले.

आत्ते म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला तशी माहेरच्या पाड्यात परतली आणि परत कुठं गेली नाही. आई-बाप वीटभट्टीवर जात तेव्हा मला तिनंच सांभाळलं. माझं लग्नही याच पाड्यात झालं, त्यामुळे तिचं घर आणि माझं घर यात एक कुंपण आणि एक आंब्याचं झाड, एवढंच. तिचा मुलगा-सून भिवंडीला कामाला. आधार कार्डावर तिचं वय अडुसष्ट. ती स्वतः म्हणते की तो आकडा कार्डवाल्यानं आपल्या मनानं टाकला.

त्या हिवाळ्यात ती खरंच बदलली होती. केसांत फूल माळायची. पाण्याला जाताना गाणं म्हणायची. होळीला तर ती इतकी नाचली की भिवंडीहून आलेली सून तोंडावर हात ठेवून बघत राहिली. आम्ही सगळे म्हणत होतो, म्हातारीच्या अंगात काय संचारलंय!

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे सूप मागायला गेले. ती घरात नव्हती, म्हणून मागच्या अंगणात गेले. तिथं करवंदीच्या जाळीवर धुतलेली फडकी वाळत घातली होती. पाच-सहा असतील. धुऊनही डाग गेले नव्हते.

ती लाकडं घेऊन आली तेव्हा मी तिथंच उभी होते.

"आत्ते, हे कशाचं?"

तिनं भारा खाली टाकला. "तुला सांगितलं होतं ना खळ्यावर. तू हसलीस."

आरोग्य केंद्रात आमचं प्रशिक्षण झालं होतं तेव्हा मॅडमनी तीन वेळा सांगितलं होतं, पाळी गेलेल्या बाईला एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरकडे पाठवायचं, वाट बघायची नाही. आणि मी, माझ्या सख्ख्या आत्तेनं सात-आठ जणींसमोर सांगितलेलं, थट्टा समजून 'नाही'वर खूण केली होती. घरी येऊन मी तो फॉर्म शोधला, खूण खोडली, होयवर केली, बाजूला सही केली.

आत्तेला मात्र पटवायचं कसं? ती भ्यालेली असती तर सोपं होतं. ती खूश होती! वीसेक वर्षं बंद झालेली पाळी देवानं परत दिली, अंगात नवं रक्त आलं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी शेवटी स्पष्टच बोलले. "आत्ते, हा कॅन्सर असू शकतो."

ती माझ्यावरच हसली. "येडी झालीस काय? तो शहरातल्या लोकांना होतो. त्यांचं खाणं तसं, हवा तशी. आपल्या पाड्यात कुणाला झाला, सांग बघू."

खरंच, कुणाचंच नाव घेता येत नव्हतं. मी तिच्या ओट्यावर बसून राहिले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई कशानं गेली?"

"म्हातारी झाली. गेली."

"तुझ्याहून लहान होती ती."

आत्तेनं माझ्याकडे पाहिलं. आईला शेवटी शेवटी आधी भाकर गिळेना, मग भात गिळेना, मग पेज, मग पाणी. तिला भरवायला आत्तेच बसायची. कागदावर मरणाचं कारण लिहिलं गेलं ते म्हातारपण.

मग आम्ही दोघी आठवत बसलो. वरच्या पाड्यातली एक, छातीच्या जखमेवर दोन वर्षं हळदीचा लेप बांधून फिरायची. एक म्हातारा, ज्याचं तोंड शेवटी बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. एक बाई, पोट फुगत गेलं तिचं, तिला बाहेरची बाधा सांगितली होती. बाकी सगळी म्हातारपणानं गेलेली. आठवता आठवता आत्ते एकदम थांबली.

"म्हणजे हा आपल्याकडं पण होता गे," ती म्हणाली. "कुणी त्याला नाव पुसलं नाय."

थोड्या वेळानं ती उठली आणि म्हणाली, "मी येते जव्हारच्या दवाखान्यात. पण एकटी नाय येणार. ती पण येईल." ती म्हणजे कानानं कमी असलेली तिची मैत्रीण. दोघी लहानपणी गुरांमागे एकत्र फिरलेल्या, त्यामुळे त्यांचं आजही कुणावाचून काही अडतं तर एकमेकींवाचून.

चैत्रातलं ऊन, जीपमध्ये बसायला जागा नाही, आणि या दोघी अशा सजल्या होत्या की ड्रायव्हरनं विचारलं, "लग्न कुणाकडं हाय आजी?"

"आमचंच," आत्ते म्हणाली.

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सोनोग्राफी करायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, पोट फुगेपर्यंत पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. आत्तेनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी तिला सोन्याची खाण दाखवली. आमच्याकडे चैत्रात झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. इथं ही गोरी पोर मशीनमधून थंडगार पाणी काढून देते आणि वर म्हणते, अजून प्या!

"ऐकलंस काय?" आत्तेनं मैत्रिणीच्या कानात ओरडून सांगितलं. "इथं पाणी पिणं हे औषध हाय!"

मग मैत्रीणही प्यायला लागली. मी म्हटलं, तुमची तपासणी नाही, तुम्ही कशाला पिता? ती म्हणाली, "ती एकटीच कशी पिणार?" बाटल्यांवर बाटल्या झाल्या. अर्ध्या तासानं दोघी बाकावर पाय आवळून बसल्या, एकमेकींकडे बघायच्या आणि हसायच्या, आणि हसल्या की आणखी अवघड व्हायचं. "हसू नको, हसू नको गे," आत्ते कळवळून म्हणत होती. रांगेतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. शेवटी मैत्रीण उठून पळाली. आत्तेचा नंबर येईपर्यंत ती डोळे घट्ट मिटून बसली आणि आत जाताना मला म्हणाली, "आता हे मशीन काय दाखवायचं ते दाखवू दे, पण लवकर."

मशीननं दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड झालंय, तुकडा काढून तपासायला हवा, नाशिकला जा. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सरच निघाला.

मला वाटलं होतं आत्ते रडेल. रडले मी, नाशिकच्या त्या मोठ्या इस्पितळाच्या जिन्यात. आत्तेनं मला पदर दिला आणि विचारलं, "किती पुढं गेलाय ते सांगितलं काय?"

"सुरुवातीचाच आहे, म्हणाले. पिशवी काढली की बहुतेक काम होईल."

"मंग रडतस कशाला? भूक लागली मला."

तिच्या शेजारच्या खाटेवर नाशिकचीच एक बाई होती. बँकेतून निवृत्त झालेली, चष्मा, कापलेले केस, हातात सतत मोबाईल. वय आत्तेएवढंच, आजारही तोच. दुसऱ्या दिवशी दोघींचं बोलणं जुळलं.

"तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"भात कापणीला. तुमाला?"

"मला सकाळी डाग दिसला, संध्याकाळी मी डॉक्टरांकडे होते."

"एका दिसात!" आत्ते उठून बसली. "मी पाच महिने नाचत होते!" आणि मग तिनं खळ्यावरची सगळी गोष्ट सांगितली, नवरा बघून ठेवल्यापर्यंत. बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा निसटला आणि सिस्टर धावत आली.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. पलीकडच्या खाटेवर आमच्या डोंगरातल्या वांगणीकडची एक बाई होती, आत्तेहून थोडी लहान. तिला दोन वर्षांपासून त्रास होता. रस्ता नीट नाही, घरचे भट्टीवर, आणि कुणी कधी विचारलंच नाही. आता उपाय उरला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी तिला घरी न्यायला सांगितलं. जाताना आत्तेनं आपल्या पिशवीतली द्राक्षं तिच्या ओटीत घातली.

मी डॉक्टरांना विचारलं, डोंगरातल्या बायकांना हा जास्त होतो का? ते तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "मी तरी इथे रोज एवढंच बघतो, की आजार तोच, वय तेच. शहरातली बाई पहिल्या आठवड्यात येते. तुमच्याकडची येते तेव्हा बरेचदा माझ्या हातात फार उरलेलं नसतं. तुमची आत्या जरा उशिरा आली, पण वेळेत आली."

ऑपरेशन नीट झालं. भुलीतून बाहेर येताना ती काय काय बडबडत होती, त्यातलं मला एकच कळलं. ती कुणाला तरी पाणी प्यायचा आग्रह करत होती. बँकेतल्या बाईंचंही ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. सुटताना दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले. आत्तेला मोबाईल लावता येत नाही, म्हणून तो नंबर माझ्याकडे आहे आणि दर रविवारी बाई मला फोन करून म्हणतात, "तुमच्या नवरीला द्या जरा."

पावसाच्या आधी ती घरी आली. महिनाभर वजन उचलू नको म्हटलं होतं. तिनं वजन उचललं नाही, तोंड मात्र उघडं सोडलं. चारही पाड्यांत ओट्या-ओट्यांवर जाऊन बसायची आणि बायकांना सरळ विचारायची, लाज नाही, आडपडदा नाही. "गाठ हाय काय? रक्त जातं काय? दडवू नको, मी पण नाचत होते." माझ्या फॉर्मवर ज्यांनी दोन वर्षं नाही-नाही सांगितलं होतं, त्या तिच्यासमोर होय म्हणायला लागल्या. एकीनं तर मला रस्त्यात गाठून हळूच सांगितलं, "ते मागचं नाय होतं ना, ते खोड."

गेल्या आठवड्यात आम्ही पाच जणींना घेऊन जव्हारला गेलो. जीप भरून म्हाताऱ्या, वर त्यांची बोचकी, वर त्यांचा आवाज. आत्ते ड्रायव्हरच्या शेजारी, खड्डा आला की त्याला रागावत होती. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिनं पाचही जणींना पाण्याच्या मशीनसमोर उभं केलं. सिस्टर सांगत होती की सगळ्यांना नाही लागत हो आजी, पण ऐकतंय कोण! परत येताना चौघींचं सगळं बरं निघालेलं, जीपमध्ये गाणी, आणि दर दोन मैलांवर जीप थांबवायची वेळ, कारण प्यालेलं पाणी कुणालाच धरवेना. ड्रायव्हर शेवटी डोक्याला हात लावून उतरून उभा राहिला.

पाचवीच्या छातीत बारीकशी गाठ लागली आहे. ती जीपमध्ये खिडकीशी बसून बाहेर बघत होती. आत्तेनं मागे वळून तिला विचारलं, "नाशिक बघितलंस काय कधी?"

"नाय."

"मंग चल. सोमवारी जाऊ. द्राक्षं लय गोड असतात तिथली."

ती बाई हसली. सोमवारचं आमचं ठरलंय. आत्तेनं पुढची जागा धरून ठेवायला ड्रायव्हरला आधीच बजावलंय.