विस्तव कुणाकडून आणायचात?

छावणीत आलेल्या माणसाला आम्ही नाव विचारायचो, गाव विचारायचो, कागद मागायचो. पेशकारकाका एवढंच विचारायचे, "चुलीला विस्तव कुणाकडून आणायचात?"

निजामाविरुद्धच्या पोलीस अॅक्शननंतर उसळलेल्या दंगलीत गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांना पुन्हा आपापल्या गावी बसवायचं, हे आमचं काम. मी नवा कारकून. काका निजामी अमलात पेशकार होते, म्हणून उर्दू कागद वाचायला त्यांना बोलावलेलं. आणि हे गृहस्थ कागद बाजूला सारून विस्तवाची चौकशी करायचे! मला वाटलं, म्हातारा चळला. शेवटी विचारलंच.

"हुकुमानं कुलूप निघंल हो," ते म्हणाले, "पण विस्तव देणारं घर नसंल, तर महिन्यात माणूस पुन्हा इथंच." खरंच होतं ते. हुकूम घेऊन गेलेली दोन कुटुंबं पंधरवड्यात परतली होती.

पाचोडजवळच्या खेड्यातल्या खतिजाबीनं शेजारणीचं नाव सांगितलं, शेवंता. खतिजाबीचा नवरा दंगलीत गेलेला, पदरात दोन लेकी, शेत पडीक. काका तीनदा त्या खेड्यात जाऊन आले. शेवंता व्हय म्हणेना, नाय म्हणेना. खाली मान घालून दळत बसायची. इकडं छावणी उठवायचा हुकूम आला, आणि खतिजाबी काही हलेना. मग जन्मभर नियमावर बोट ठेवून चाललेल्या या माणसानं चक्क थाप मारली. "शेवंता वाट बघतीय तुझी."

गाडीबरोबर मीही गेलो. घर उभं होतं, पण त्याचं दार कुणीतरी उचकटून नेलेलं. शेवंताचं दार लोटलेलं. काकांचा असा राग आला मला! दिवस कलला होता, पोरी भुकेल्या होत्या. चूल पेटवावी म्हणून मी खिशातून काडीपेटी काढली, तर काकांनी हात धरला.

"ठेवा ती. काडीनं पेटली, तर चूल हिच्या एकटीची राहील."

खतिजाबीनं गोवरीचा तुकडा उचलला आणि शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "शेवंता, विस्तव दे गं."

बऱ्याच वेळानं शेवंता बाहेर आली, डोळे पुसत. "तुझं दार आमच्या गोठ्याला लावलंय. कोणत्या तोंडानं ये म्हणू?"

"दाराचं सकाळी बघू. लेकरं उपाशी हायेत."

शेवंतानं चुलीतला निखारा काढून गोवरीवर ठेवला.

निघताना काका अडखळत म्हणाले, "मी खोटं बोललो, खतिजाबी. शेवंतानं निरोप दिलाच नव्हता."

"ठावं हाय मला. निरोप धाडणारी नाय ती. पण कुणीतरी ये म्हणल्याबिगर पाय उचलंना, काका."

पुढं काही वर्षांनी काका गेले. बातमी त्या खेड्यात कशी पोचली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी एकाच बैलगाडीतून दोघी आल्या. सुतकामुळे काकांच्या घरची चूल अजून पेटायची नव्हती. खतिजाबीनं फडक्यात बांधलेल्या भाकरी पुढं केल्या आणि हळूच म्हणाली, "विस्तव शेवंताच्या घरचा हाय." सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या काकूंनी गाठ सोडली आणि दोघींच्या समोर बसून भाकरीचा पहिला तुकडा मोडला.