माझ्या फोनमधला तिचा व्हिडिओ

वेवजीच्या शाळेत ती रुजू झाली तेव्हा मला तिथं सहा वर्षं झाली होती. हजेरीपत्रकं कुठल्या कपाटात असतात, पोषण आहाराची माहिती मोबाइलवर कशी भरायची, तलासरी नाक्यावर कुठल्या ईको व्हॅनमध्ये बसलं की शाळा वेळेवर गाठता येते, हे सगळं तिला मी सांगितलं. ती मला ‘ताई’ म्हणायला लागली आणि मी तिला ‘अगं’. ती मूळची रानशेतची. आईवडील दुसऱ्यांच्या वाडीत चिकू उतरवायला जायचे. त्यांच्या घरात नोकरीला लागलेली ती पहिलीच. मी डहाणूची, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी, नवराही सरकारी नोकरीत. आमच्यात कोण पुढं आणि कोण मागं, हे कधी कुणी बोललं नाही. पण मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तिला स्कूटर मी शिकवली, डहाणूच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या कडक वाळूत. ती पहिल्यांदा एकटी चालवून परत आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. कुणी शिकत असेल आणि शिकवणारी मी असेन, तर मी मनानं फार चांगली असते.

आणि समुद्र तर माझाच होता. शाळेत कधी समुद्राचा विषय निघाला की मी म्हणायचे, “मला काय सांगता, मी समुद्रावरच वाढलेय.” ते खोटं नव्हतं. आमच्या क्वार्टरपासून किनारा चालत पंधरा मिनिटांवर. लहानपणची एकही संध्याकाळ मी समुद्र बघितल्याशिवाय काढली नाही. फक्त एवढंच, की पाण्यात मी गुडघ्यापलीकडे कधी गेले नव्हते. आई जाऊ द्यायची नाही, आणि आमच्याकडचं पाणीही गढूळ, स्वतःचे पाय दिसत नाहीत. पोहता येत नाही हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायची कल्पनाही माझीच. आसपासच्या शाळांमधल्या आम्ही पाचजणी, भाड्याची ट्रॅव्हलर, तीन दिवस. तिथं समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतात, हे मी कितीतरी महिने मोबाइलवर बघत होते. ती आधी तयार नव्हती.

“ताई, मला नाही जमायचं ते. तुम्ही जा, मी वरून बघेन.”

“अगं, मी आहे ना,” मी म्हटलं.

होडीत बसलो आणि किनारा लांब गेला तेव्हा बाकीच्या तिघींनी अंग काढून घेतलं. एकीला उलटीसारखं व्हायला लागलं, दुसरीला बघून तिसरीला. उरलो आम्ही दोघी. अंगाला चिकटणारा काळा रबरी पोशाख चढवला. तो आधीच्या कुणाच्या तरी अंगावरून नुकताच उतरलेला, ओला आणि गार. आम्हाला खाली नेणारे गृहस्थ पन्नाशीचे होते, मालवणचेच. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. नाक काचेच्या मुखवट्यात बंद राहणार, नळी दातात धरायची, श्वास फक्त तोंडानं. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला की सगळं ठीक. अंगठा वर केला की मला वर न्या.

“एक लक्षात ठेवा हां,” ते म्हणाले, “छान वाटलं म्हणून अंगठा दाखवू नका. सगळ्यांचं तेच होतं. मग आम्ही वर आणतो आणि तुम्ही रागावता.”

मी हसले आणि तिच्याकडे वळून तेच सगळं पुन्हा समजावून सांगितलं. सवयच तशी.

पहिली मी उतरले. होडीच्या शिडीला धरून आधी नुसतं तोंड पाण्यात घालायचं होतं. घातलं. कानात माझ्याच श्वासाची घरघर सुरू झाली. त्यांनी मागून माझ्या पाठीवरची हवेची टाकी धरली आणि मला हळूच खाली घेतलं. पाणी डोक्यावरून गेलं त्या क्षणी माझ्या आतलं काहीतरी बिथरलं. नळीतून हवा येत होती, मला कळत होतं की येतेय, पण छातीला पटत नव्हतं. मुखवट्यात पाणी शिरतंय असं वाटलं. मी तो दोन्ही हातांनी ओढायला लागले. त्यांनी माझे हात धरले, चेहऱ्यासमोर आले, बोटांचा गोल करून विचारलं. मी अंगठा वर केला. पुन्हा केला. दोन्ही हातांचे केले.

वर आल्यावर मी विचारलं, “किती वेळ झाला?”

“अर्धं मिनिट असेल,” ते म्हणाले. “होतं पहिल्यांदा. जरा दम घ्या, परत जाऊ.”

“नको, तिला जाऊ दे,” मी म्हटलं.

ती शिडी उतरत होती तेव्हा माझ्या मनात काय होतं ते लिहायला अजून जड जातं. तीही लगेच वर यावी असं मला वाटत होतं. अर्ध्या मिनिटाच्या आत आली तर उत्तम.

ती आली नाही. पाण्यावर बुडबुडे येत राहिले, एका लयीत, सावकाश, होडीपासून हळूहळू लांब जात. बाकीच्या तिघी काठावर वाकून बघत होत्या. मी टॉवेल गुंडाळून बसले होते आणि दातांवर दात वाजत होते. दहा मिनिटं झाली, मग आणखी काही. मग काळं डोकं वर आलं. तिनं मुखवटा वर सरकवला. तिच्या कपाळावर, गालांवर त्याचे लाल वळ उमटले होते, आणि ती ओरडली, “ताई, खाली उजेड आहे!”

मासे दिसले, असं म्हणाली असती तर मला इतकं लागलं नसतं.

“पोहायला कुठं शिकलात?” त्या गृहस्थांनी तिला विचारलं.

“शिकले नाही. आमच्या नदीच्या डोहात खेकडे धरायचो लहानपणी. बुडी मारायची, डोळे उघडे ठेवायचे आणि दगडाखाली हात घालायचा.”

“तरीच,” ते म्हणाले. “श्वास किती शांत तुमचा. पहिल्या खेपेला एवढी हवा कुणी वाचवत नाही.”

किनाऱ्यापर्यंत ते तिच्याशीच बोलत होते. तिनं खाली काय काय पाहिलं ते विचारत होते, नावं सांगत होते. मी समुद्रावर वाढलेली बाई, माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

उतरताना एकीनं विचारलं, “तू गं एवढ्या लवकर कशी वर आलीस?”

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “अगं, छान वाटलं म्हणून अंगठा दाखवला! मग काय, आणलं त्यांनी वर!”

सगळ्या खो खो हसल्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग तीही हसली.

खाली जाताना ते व्हिडिओ काढतात. माझा होता आणि तिचा होता. तिच्या फोनमध्ये जागा नव्हती. ती म्हणाली, “ताई, दोन्ही तुमच्याच फोनवर घ्या. घरी गेल्यावर मला पाठवा.” मी घेतले.

घरी आल्यावर नवऱ्याला, सासूबाईंना, शेजाऱ्यांना मी ती अंगठ्याची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. प्रत्येक वेळी थोडी जास्त हसू येईल अशी. आणि दुपारी घरात कुणी नसताना दोन्ही व्हिडिओ बघितले. माझ्या व्हिडिओत एक बाई मुखवटा ओरबाडत होती. तिच्या व्हिडिओत ती तळाशी आडवी तरंगत होती, हात सैल सोडलेले, पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटांपाशी. तिनं त्यांना हात लावला नाही. नुसती बघत राहिली. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते मला सांगता येणार नाही. आणि तिला पाठवला नाही.

शाळा सुरू झाल्यावर तिनं विचारलं. मी म्हटलं, फाइल फार मोठी आहे, जात नाही. आठवड्यानं परत विचारलं. मी म्हटलं, नेट नाही. तिसऱ्यांदा ईकोत शेजारी बसलेली असताना तिनं विचारलं, आणि मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “अगं, फोन साफ करताना डिलीट झाला बहुतेक. माझाही गेला.”

तिनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाली, “असू दे, ताई. डोळ्यांनी तर बघितलंय.”

मला वाटलं, विषय संपला. पण मुलांनी तो संपू दिला नाही. तिनं वर्गात फळ्यावर समुद्राचा तळ काढला, रंगीत खडूंनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये पातळ फळीची भिंत आहे. पलीकडून तिचा आवाज यायचा. श्वास कसा घ्यायचा, कान कसे दुखतात, मासा माणसाकडे कसा बघतो. माझी चौथीची मुलं मान वळवून भिंतीकडे कान लावायची. एकदा मी त्यांच्यावर ओरडले, “तिकडं काय आहे? इकडं फळ्याकडे बघा!” फळ्यावर अपूर्णांक होते.

पुढं आसपासच्या सगळ्या शिक्षकांच्या बैठकीत तिला अनुभव सांगायला उभं केलं. सुरुवातीलाच ती म्हणाली, “मला ताईंनी नेलं. त्या नसत्या तर मी गेलेच नसते.” लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी हसले. मला तिचा त्या क्षणी इतका राग आला, की घरी येऊन भांडी आपटली.

त्यानंतर एक दिवस डबा खाताना ती सहज म्हणाली, “आईला काही पटत नाही. म्हणते, माणूस पाण्याखाली एवढा वेळ राहील कसा? तुला झोपेत दिसलं असेल.” ती हसत होती. माझा घास तोंडातच फिरत राहिला. मी डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला उठले.

व्हिडिओ सापडला तो नवऱ्याला. रविवारी सकाळी माझ्या फोनमध्ये तो आमच्या मुलीच्या प्रवेशाच्या कागदाचा फोटो शोधत होता. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून बुडबुड्यांचा आवाज आला आणि मी जागीच थांबले. त्यानं दोन्ही बघितले, आधी तिचा, मग माझा. मी दारात जाऊन उभी राहिले. तो हसला नाही.

“तू घाबरली होतीस,” तो म्हणाला.

“हो.”

“मग सांगायचंस की. त्यात काय?” थोडं थांबून त्यानं विचारलं, “हा तिचा तिला दिलास का?”

मी नाही म्हटलं. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि पेपर उचलला. आणखी काही बोलला असता तर मी भांडले असते आणि विषय दुसरीकडे गेला असता.

मी तिला फोन केला. रविवार म्हणून ती सासरहून आईकडे आली होती. स्कूटर काढून मी रानशेतला गेले. अंगणात तिची आई सुपात नाचणी पाखडत होती. मी बसले, पाणी प्यायले आणि म्हटलं, “व्हिडिओ डिलीट झाला नव्हता. मी मुद्दाम दिला नाही.”

तिनं विचारलं, “का?”

“तुला जमलं आणि मला जमलं नाही म्हणून.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या. ती म्हणाली नाही. फोन हातात घेतला, आईशेजारी बसली आणि व्हिडिओ लावला. तिची आई सूप बाजूला ठेवून बघायला लागली. पडद्याला बोट लावून तिनं विचारलं, “ही तू?” आणि मुलगी हो म्हणाली. शेवटपर्यंत बघून झाल्यावर म्हातारीनं परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा शेजारच्या दोघी आल्या होत्या.

मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “तुमचा पण दाखवू?”

नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी मान हलवली.

अर्धं मिनिट. त्या चौघींनी तो शांतपणे बघितला. अंगणात कोंबड्या होत्या, त्यांचाच काय तो आवाज. व्हिडिओ संपल्यावर तिची आई मला म्हणाली, “भ्यालीस तू, बाय. वर आलीस ते बरं केलंस.” आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. “ताई, मला तुमचा राग आलाय,” ती म्हणाली. “अजून थोडे दिवस राहील.” मी बरं म्हटलं.

तो बरेच दिवस राहिला. ईकोत ती पुढच्या सीटवर बसायला लागली. शाळेत कामापुरतं बोलायची, तेही नीट, आवाज न चढवता. परीक्षेच्या दिवसांत पेपर तपासायला आम्ही एका टेबलावर बसलो, आणि तिनं न विचारता माझ्या गठ्ठ्यातले अर्धे उचलले. तिथून हळूहळू बोलणं सुरू झालं. पहिल्यासारखं नाही, पण मला वाटतं पहिल्यापेक्षा खरं. आता मी तिला काही शिकवत नाही. चुकलं तर ती मला सांगते.

या दिवाळीत ती नवऱ्याला घेऊन परत जाणार आहे, या वेळी आणखी खोल. मला म्हणाली, “येता का?” मी म्हटलं, नको. तिनं आग्रह केला नाही. ती खोल जाईल, वर येईल, आणि सुट्टी संपली की शाळेत येऊन सांगेल. मी ऐकेन. ऐकताना मला अजूनही खुपतं. पण आता ते तिला माहीत आहे.