आक्षेप आधी

आमच्या सरांशी वाद घालणं महाकठीण, कारण ते आमची बाजू आमच्यापेक्षा चांगली मांडायचे. वर्गात कोणी उशिरा आला की स्वतःच सुरू व्हायचे, "घाटात दरड आली असेल. गाड्यांची रांग लागली असेल. तू तरी काय करणार?" एवढं ऐकल्यावर पोरगा मान खाली घालून म्हणायचा, "नाय सर, झोपलो होतो."

सर जवळच्या तुडील गावचे. महाडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि वर्गात आम्ही मोजून सात जण. पाच वेळची नमाज न चुकवणाऱ्या या माणसाचा जीव जडला होता तेराव्या शतकातल्या एका इटालियन ख्रिस्ती संन्याशावर. तो अंगानं धिप्पाड आणि इतका अबोल, की सोबतचे विद्यार्थी त्याला मुका बैल म्हणायचे. "पण लिहायला बसला की आधी विरोधकाचं म्हणणं लिहायचा," सर शेजाऱ्याचं कौतुक करावं तसं सांगत. "मग आपलं उत्तर. आधी समोरच्याचं मांडा, बाळांनो. तुमचं कुठं पळून जात नाही."

एका सोमवारी त्यांनी 'ईश्वर आहे का?' हा प्रश्न घेतला. रीतीप्रमाणे आक्षेप आधी. मी वहीत लिहिलं, 'ईश्वर नाही असे वाटते, कारण जगात दुःख आहे.' तेवढ्यात तास संपला. उत्तर गुरुवारी.

वही घरात उघडी टाकली, हा माझा गाढवपणा. आम्ही आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत राहायचो. बाबा औद्योगिक वसाहतीत कामाला. पाळी करून आले आणि नेमकं तेच पान वाचलं. "हे शिकायला एवढ्या लांब जातीस? बस झालं कॉलेज." उत्तर गुरुवारी आहे, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ऐकतंय कोण? शेवटचं वर्ष होतं माझं. रडून डोळे सुजले.

गुरुवारी बाबा माझं नाव कमी करायलाच मला घेऊन कॉलेजात आले. सरांपुढे वही ठेवली, पण बोलताना अडखळले. वाक्य सरांनीच पुरं केलं.

"तुम्ही पोरीला देवापुढं हात जोडायला शिकवलंत आणि हा मास्तर ते पुसून टाकतोय. तोही दुसऱ्या धर्माचा. असंच ना?"

बाबा वरमले. "शेवटचं मी बोलनार नव्हतो."

"पण मनात होतं. असू द्या. आता उत्तर ऐकूनच जा."

बाबा कंपनीच्या कपड्यांतच वर्गात मागच्या बाकावर बसले. सरांनी संन्याशाचं उत्तर सांगितलं. देव वाईटातूनही चांगलं घडवतो, म्हणूनच तो वाईट होऊ देतो. झालं, बाबांनी हात वर केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझी आई चार वर्सं खाटंवर होती, सर. त्यातून काय चांगलं झालं?"

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "माहीत नाही. पुस्तकातलं उत्तर तुम्हाला पुरणार नाही, आणि माझ्याकडे दुसरं नाही."

बाबा उठले, सरांना नमस्कार केला आणि बाहेर आले. मोटरसायकल सुरू करता करता म्हणाले, "एवढा शिकलेला मानूस, माहीत नाय म्हनतो." संपलं, असं मी धरून चालले.

पोलादपूर आलं. नाक्यावर बाबांनी गाडी थांबवली.

"आई गेली तवा ज्यानं त्यानं मला कायतरी समजावलं. कर्म म्हनाले, नशीब म्हनाले. ह्या मानसानं नाय समजावलं." जरा थांबून म्हणाले, "उद्याची पहिली एस्टी चुकवू नको."

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि घरापर्यंत रडत गेले. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.