भांडणापुरतं बोलणं

कंडक्टरकाका एकतीस वर्षं सात नंबरच्या बसमध्ये ओरडले आणि उरलेला आवाज त्यांनी घरी येऊन काकूंवर खर्च केला. तसे ते रागीट नव्हते. पण दिवसभर शंभर लोकांना "आत चला, दारात गर्दी करू नका" असं सांगायची ज्याला सवय, त्याला घरात एकुलत्या एका बायकोशी हळू बोलणं कसं जमणार? काकूही काही कमी नव्हत्या. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. वर्गात चाळीस मुली, चाळीस सुया आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारी त्यांची एक जीभ. त्यामुळे सकाळी आठ ते नऊ हा तास त्या दोन खोल्यांत भांडणासाठी राखून ठेवलेला असे. विषय कुठलाही चाले. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, खिडकी उघडी कुणी ठेवली, चहात साखर घातली आहे की साखरेत चहा. नऊ वाजले की भांडण असेल तिथे थांबवून दोघं कामाला लागत आणि दुसऱ्या दिवशी नवा विषय घेत. शिळं भांडण दोघांनाही चालत नसे.

एका दुपारी बस पोस्ट ऑफिसहून निघाली. काकांनी पुढचा थांबा पुकारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. तिकिटांचं मशीन उजव्या हातातून सुटून खाली पडलं. पुढच्या बाकावरची एक बाई हसली, तिला वाटलं काका थट्टा करताहेत. ड्रायव्हरने मात्र आरशात पाहिलं. नऊ वर्षं त्या आरशात तो काकांचा चेहरा बघत आला होता, आणि आज तो चेहरा एका बाजूने खाली ओघळला होता. त्याने घंटीची वाट पाहिली नाही. मधला थांबा सोडून त्याने भरलेली बस थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. एरवी अर्ध्या मिनिटासाठी हुज्जत घालणाऱ्या उतारूंपैकी एकानेही त्या दिवशी तोंडातून ब्र काढला नाही.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वेळेवर आणलंत म्हणून बरंच वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. बरंच म्हणजे जीव वाचला. उजवा पाय हळूहळू काठीच्या आधाराने टेकू लागला, उजवा हात कुरकुरत का होईना पण हलू लागला. बोलणं तेवढं गेलं. काकांना समोरच्याचं सगळं कळत होतं. शब्द डोक्यात तयार असे, ओठांपर्यंत येई आणि तिथेच अडे. कपाचं चित्र समोर धरलं की कप म्हणजे काय, तो कुठल्या फळीवर असतो, त्याचा कान कुणी फोडला हे सगळं त्यांना ठाऊक असे. फक्त 'कप' म्हणता येत नसे.

बोलायला शिकवायला एक डॉक्टरीणबाई होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. महिनाभर चित्रं दाखवून झाल्यावर एक दिवस त्यांनी काकांना आकडे म्हणायला सांगितले, तर काकांनी एक ते दहा न अडखळता म्हटले. काकूंचा कानांवर विश्वास बसेना.

"जे हजारो वेळा एकाच क्रमाने म्हटलेलं असतं ना, ते बऱ्याचदा शाबूत राहतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी काय म्हणायचे हे असं ओळीने?"

"हे काय विचारणं झालं?" काकू म्हणाल्या. "थांबे!"

काका ताठ बसले. "डेपो! पोस्ट ऑफिस! जुना पूल! दवाखाना! भाजी मंडई! कोर्ट! पाण्याची टाकी! बाग! बँक! गिरणी! रेल्वे फाटक! मुलींची शाळा! शेवटचा थांबा!" तोच आवाज, तोच ठसका. शेजारच्या खोलीतले पेशंट दारात येऊन उभे राहिले. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या.

त्या दिवसापासून काका बोलू लागले, पण सात नंबरच्या रस्त्यानेच. तहान लागली की डेपोपासून निघायचं आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबायचं. फिरायला जायचं असलं तर बाग. काही दुखलं तर दवाखाना, आणि हा त्यातल्या त्यात जवळ होता. मधूनच सुरुवात करता येत नसे. कुणी मध्ये बोललं की ओळ तुटे आणि गाडी परत डेपोत. दर रविवारी येणारी मुलगी घाईची. ती 'पोस्ट ऑफिस' ऐकताच पेला पुढे करी, मग काका चिडून मान हलवत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मुलगी बिचारी पेला धरून उभी.

काकू मात्र एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. हातातलं काम ठेवून त्या समोर उभ्या राहत, टाकी येईपर्यंत ऐकत आणि म्हणत, "शाब्बास! छान म्हटलंत. काही घाई नाही हं."

काकांचं खरं दुखणं हेच होतं. एकेकाळी याच काकू म्हणाल्या असत्या, "एवढ्या वेळात विहीर खणून झाली असती!" आता नवऱ्याने पाणी मागितलं तर शाब्बास म्हणत होत्या. सगळं जगच त्यांच्याशी गोड झालं होतं. दूधवाला हळू आणि मोठ्याने बोलायचा, जावई खांद्यावर थोपटायचा. ते सगळं चालवून घेता आलं असतं, पण काकूंनी पाच महिन्यांत आवाज चढवला नव्हता, हे काकांना सोसवत नव्हतं. एकदा त्यांनी मुद्दाम ओला टॉवेल काकूंच्या उशीवर टाकला आणि वाट बघत बसले. काकूंनी तो गुपचूप उचलून दोरीवर वाळत घातला, उशीचा अभ्रा बदलला आणि काकांच्या केसांवरून हात फिरवला. काका त्या दिवशी जेवले नाहीत. हात अधू झाला, नोकरी गेली, त्याचं वाईट वाटतच होतं. पण आपण आता भांडण्याच्याही लायकीचे उरलो नाही, या विचाराने त्यांना रडू आलं.

भांडायचं तर शब्द त्या क्षणी तोंडात हवा. तेरा थांबे फिरून कोण भांडतं? डॉक्टरीणबाईही तेच सांगत होत्या, फक्त वेगळ्या भाषेत. ओळीतून शब्द सुटा करायला हवा. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, पुढे प्रगती होते पण फार सावकाश. काका मान डोलवत. त्यांना काही भाषण करायचं नव्हतं. भांडणापुरतं बोलता आलं असतं तरी पुष्कळ होतं.

काकू पुन्हा शाळेत जाऊ लागल्याला महिना झाला होता. एका सकाळी त्या निघून गेल्यावर काकांना शिलाई मशीनवर त्यांचा चष्मा दिसला. चष्म्याशिवाय काकूंना सुईचं नाक दिसत नाही, स्वतःच्या नाकाची गोष्ट सोडाच. काका खिडकीशी गेले. काकू कोपऱ्यावर पोचल्या होत्या. एक हाक पुरली असती. काकांनी तोंड उघडलं आणि आतून 'डेपो' वर येऊ लागला. ओळ संपेपर्यंत काकू बसमध्ये चढूनही गेल्या.

आणि मग काकांना राग आला. पाच महिन्यांतला पहिला अस्सल राग, आणि तो स्वतःवर नव्हता, तिच्यावर होता. रोज दहादा सांगायचो, चष्मा पिशवीत टाक म्हणून! त्यांनी चष्मा खिशात घातला, डाव्या हाताने कुलूप लावलं आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी जपून उतरत खाली आले. जुन्या पुलाच्या थांब्यावर सात नंबर आली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

बसमध्ये नवी कंडक्टर होती, तिशीच्या आतली. तिला थांबे पुकारायची सवय नव्हती. ज्याचं त्याने बघून उतरावं, असा तिचा कारभार. तिने काकांना दाराजवळच्या बाकावर बसवलं, पास बघितला आणि काठीकडे पाहून विचारलं, "कुठे उतरणार, काका? म्हणजे गाडी जास्त वेळ थांबवायला सांगते."

काकांना म्हणायचं होतं, मुलींची शाळा. तिथे जायला एकच रस्ता होता.

"डेपो!" काका गरजले. "पोस्ट ऑफिस! जुना पूल! दवाखाना!" नेमकी त्याच वेळी बस दवाखान्याच्या थांब्यावर टेकत होती. "भाजी मंडई! कोर्ट!"

वर्तमानपत्रात डोकं घातलेले एक वकील काळा कोट सावरत उठले आणि खाली उतरले. पिशव्या घेतलेल्या तीन बायका त्यांच्यामागे उतरल्या. एकानेही बाहेर बघितलं नाही. बघायचं कशाला? एकतीस वर्षं त्या आवाजाने सांगितलं की उतरायचं, हे पायांना पाठ होतं. खाली उतरल्यावर वकिलांनी दवाखान्याची पाटी वाचली, बायकांनी वकिलांकडे पाहिलं, आणि मग चौघांनी मिळून बसला जी हाक मारली ती ऐकून दवाखान्याचा पहारेकरी धावत बाहेर आला.

"अहो काका, काय चालवलंय!" कंडक्टर मुलगी चौघांना परत वर घेत म्हणाली. काकांचा चेहरा पडला. ओळही मोडली होती.

ड्रायव्हर मागे वळला. तो तोच होता, आरशातून पाहणारा, आणि आजारपणात काकांना घरी भेटून गेलेला. "त्यांना मधून सुरू करता येत नाही गं. पहिल्यापासून म्हणावं लागतं."

मुलीने क्षणभर विचार केला. "असं करू या, काका. आज थांबे तुम्हीच पुकारा. पण मी घंटी वाजवल्यावर. एका घंटीला एक. त्याआधी पुढचा सोडायचा नाही. कबूल?"

काकांनी मान हलवली. डेपोपासूनची ओळ त्यांनी ओठ न उघडता मनात म्हटली आणि मंडईपाशी येऊन थांबले. मुलीने दोरी ओढली. "भाजी मंडई!" त्याच्या पाठोपाठ 'कोर्ट' धावत आलाच. काकांनी ओठ गच्च मिटले. बस थांबायच्या आत उतरू बघणाऱ्यांना ते दारात हात आडवा घालून अडवायचे, तसा त्यांनी तो शब्द अडवला. तो आतून ढकलत होता. घंटी झाली. "कोर्ट!" वकील या वेळी बाहेर बघून उतरले.

टाकी झाली, बाग झाली. बँकेपाशी काकांच्या लक्षात आलं की आता मागचा शब्द पुढच्याला ढकलत नाहीये. शब्द एकटा येऊन उभा राहतो आणि सोडला की जातो. त्यांच्या कानशिलांवरून घाम वाहत होता. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपत नव्हती. काका 'मुलींची शाळा' तोंडात धरून बसले. एक डबा, दुसरा डबा, चाळिसावा डबा. फाटक उघडलं, बस खडखडत रूळ ओलांडून गेली, आणि मुलीने दोरी ओढली.

"मुलींची शाळा!"

ड्रायव्हरने बस थांब्यावर न थांबवता थेट शाळेच्या फाटकाला लावली.

शाळेच्या पहारेकऱ्याने निरोप दिल्यावर काकू धावत आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. काकांना एकटं उभं पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि तो पाच महिन्यांचा गोड चेहरा पुन्हा लावला.

"काय झालं? सांगा हं. हळू सांगा. मी ऐकतेय," असं म्हणून त्या हात जोडल्यासारखे धरून उभ्या राहिल्या, तेरा थांबे ऐकायच्या तयारीने.

डेपो वर येत होता. काकांनी तो येऊ दिला नाही. घंटी वाजणार नव्हती, आता ती आपली आपणच वाजवायची होती. त्यांनी डाव्या हाताने खिशातून चष्मा काढून पुढे धरला.

"चष्मा," ते म्हणाले.

काकूंचे हात तसेच राहिले.

"विसरलीस." त्यांचा श्वास संपत आला होता, पण सकाळचा राग अजून शिल्लक होता. "रोज!"

"रोज?" काकूंचा आवाज एकदम चढला. "रोज कुठे विसरते मी? वर्षातून एकदा कधी विसरले असेन नसेन, तर रोज? आणि तुम्ही हो? एकटे जिना उतरलात? पडला असतात म्हणजे कोण धावलं असतं? अक्कल काय दवाखान्यातच ठेवून आलात? चष्म्यावाचून काय माझं अडलं होतं? मुली सुया ओवून देतात मला! पण नाही, यांना मिरवायचंय! आणि शर्ट बघा, पिळून काढावा इतका भिजलाय..."

वर्गाच्या खिडक्यांत वेण्यांची गर्दी झाली. काका काठीवर भार टाकून उभे होते आणि ऐकत होते. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी तोलून मापून न बोलता बोलत होतं. आता कुणी येऊन हे थांबवू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

मधेच काकूंना आपण काय करतोय ते कळलं. त्या एकदम थांबल्या. तोंडावर हात गेला, डोळे भरून आले, आणि ओठांवर ते 'शाब्बास' येऊ लागलेलं काकांना स्पष्ट दिसलं.

'थांबू नकोस' म्हणायला त्यांच्याकडे अजून शब्द नव्हते. म्हणून आवाज चढवून त्यांनी होता तोच पुन्हा वापरला.

"रोज!"

"पुन्हा रोज?" काकू डोळे पुसत म्हणाल्या आणि परत सुरू झाल्या.