मी झाडून ठेवलेली नदी

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी एरंडोलहून शिरपूरला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीला भेटायला चाललेय. खरं तर मी तिची चूक शोधायला निघाले होते...

नसरीन आणि मी धुळ्याला एका बाकावर बसून प्राणिशास्त्र शिकलो. आता ती शिरपुरात शिकवते, मी एरंडोलला. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने दोन्हीकडच्या नद्यांचा एकेक पट्टा सुधारायला घेतला. गाळ काढला, मोठे दगड टाकले, काठाला करंज-जांभूळ लावले.

मासे परत येतात का, हे दर महिन्याला मोजायचं काम आम्हा दोघींकडे आलं. ठरलेल्या दहा जागी जाळं टाकायचं, मासे बादलीत घ्यायचे, मोजून परत सोडायचे. तिच्या बादलीत महाशीरची बोटाएवढी पिल्लं यायची. माझ्या बादलीत तीच ती कुठल्याही पाण्यात तगणारी चिलापी, तीही दोन-चार.

ती त्याचं स्टेटस ठेवायची. मी न चुकता बघायचे, आणि बघितल्याचं तिला कळू नये म्हणून सेटिंग बदलून घेतलं होतं. हसू नका... जळणारा माणूस फार कामसू असतो.

त्यात संस्थेने कळवलं, पुढच्या वर्षी एकच पट्टा चालू राहील. दोघींनी फोटोंसकट आपापलं म्हणणं मांडायचं.

मोजणीच्या आदल्या दिवशी श्रमदान ही माझ्याकडची पद्धत पहिल्यापासूनचीच. ते मी दुप्पट केलं. पाण्यातल्या फांद्या, कुजलेला पाला, मुळ्या, सगळं बाहेर. दगडांवरचं शेवाळसुद्धा वर्गातल्या पोरांकडून ब्रशने घासून घेतलं. पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण झाडतो ना, तसंच. फोटोत माझा पट्टा कसा लख्ख दिसायचा.

मी शिरपूरला पोचले त्या दिवशी तिथे मोजणी होती. नसरीनचा पट्टा पाहिला आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. बाभळीचं अख्खं झाड पाण्यात आडवं, त्यात पालापाचोळा अडकलेला, दगड शेवाळाने हिरवे. ती वही काढत होती तेवढ्यात मी गुपचूप फोटो घेतला. मीटिंगमध्ये हा दाखवला की झालं.

तिच्याकडे जाळं टाकायला भोईवाड्यातले नाना येतात. मी मानभावीपणे विचारलं, "नाना, ही घाण काढत का नाही?"

नाना जाळं झटकत अहिराणीत म्हणाले, "घाण नही शे ती, ताई. मासासनं घर शे. बठ्ठं झाडी टाकं तं पिल्लं दडतीन कोठे?"

आणि त्यांनी त्या बाभळीच्या कडेलाच जाळं फेकलं. बादलीत सतरा पिल्लं आली. मी मोजली, नसरीनने लिहिली.

बगळा आला की पिल्लं फांद्यांत शिरतात. कुजलेल्या पाल्यात किडे होतात, त्यावर ती वाढतात... हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी वर्गात शिकवते. परीक्षेत प्रश्न घालते.

परतीच्या एसटीत धुळ्यापासून तो फोटोच बघत बसले. तीन वर्षं मी दर महिन्याला माशांना घराबाहेर काढत होते. आणि दुसऱ्या दिवशी बादली घेऊन विचारत होते, का रे येत नाही?

मीटिंगमध्ये तो फोटो मी दाखवलाच. फक्त म्हणाले की नदी अशी असायला हवी, माझी मी झाडून ठेवली होती. पट्टा तिचाच निवडला गेला... आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. मोठेपणा वगैरे काही वाटला नाही, नुसतं वाईट वाटलं.

मोजणी मात्र सोडली नाही. झाडू बंद. बाभळीच्या फांद्या ओढत आणून पाण्यात टाकल्या तेव्हा पोरांना वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं. त्यांना तोच फोटो दाखवला. कुठे काय टाकायचं ते त्यावर बघून ठरवलं.

परवा नसरीन नानांना घेऊन एरंडोलला आली. मी बोलावलं नव्हतं. नानांनी फांद्यांच्या कडेला जाळं टाकलं आणि माझ्या बादलीत खवलीची, म्हणजे इथल्याच देशी माशाची, चार पिल्लं आली.

चारच. त्याच आठवड्यात तिच्याकडे तेवीस होती. स्टेटस पाहिलं मी, आणि या वेळी तिला दिसेल असं पाहिलं. जळते अजून, खोटं कशाला बोलू... पण नाना, तुमचे उपकार आहेत. चार जणांना माझ्याकडे राहावंसं वाटलं.