मी खरं सांगितलं, म्हणून त्यांनी बुटक्याला सोडला

सूड घ्यायला वर्ष लागलं, पण घेतला. उगाच साळसूदपणा कशाला करू?

मी अमेरिकेत, अल्फारेटाला लेकीकडे राहते. रविवारी आमच्याकडे फुटबॉल लागतो, तो इथला, हातात धरून पळायचा. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या फराळाला सगळे टीव्हीपुढे बसले होते. मी चकलीचं ताट घेऊन आले आणि बघता बघता बोलून गेले, "अहो, तो बुटका मधल्या फटीतून सुटतोय बघा, त्याला कुणी धरतच नाहीये. सारखा त्यालाच द्या की चेंडू." एवढंच. लेकीचे थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, हसून हसून लाल झाले. म्हणाले, "मावशी, परत म्हणा, परत म्हणा." मी भोळी, परत म्हणाले. त्यांनी ते फोनवर घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, आमच्या नव्या कोच. साताऱ्याहून बहिणीचा फोन आला, "अगं, काय बडबडलीस ते? आमच्याकडे सगळी पोरं हसतायत." त्या दिवशी मी जेवले नाही. लेक म्हणाली, "आई, गंमत केली गं त्यांनी." म्हटलं, असू दे. गंमत मलाही करता येते.

सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण शिकायची सवय काही सुटली नाही. टीव्हीवर खाली अक्षरं येतात ती लावून मी मॅच बघायला लागले. अडलं की नातीला विचारायचं. ती बारा वर्षांची, शिकवताना भारी कडक. "आजी, ही इज कॉल्ड अ स्लॉट रिसीव्हर. नॉट बुटका." मी वहीत लिहून घेतलं. तोंडाने बुटकाच म्हणत राहिले.

घरच्या दहा जणांची फोनवर एक लीग असते. खेळाडू खरे, पण ज्याने त्याने आपापली टीम निवडायची. ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. आपसात अदलाबदलही करता येते, तिला ट्रेड म्हणतात. शेवटच्या नंबराला शिक्षा ठरलेली: मंडळाच्या संक्रांतीला चाळीस माणसांच्या गुळाच्या पोळ्या एकट्याने करायच्या. यंदा मी आणि नात मिळून एक टीम चालवत होतो आणि दिवाळीपर्यंत आम्हीच तळाला होतो. दादा आमच्या जरा वर. बुटका त्यांच्याकडे. आमच्याकडे एक उंच, नावाजलेला गडी, जाहिरातीत असतो तो. नातीने त्याच्या बदल्यात बुटका मागितला होता. दादांनी दोन दिवस हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

त्यात टीव्हीवर चर्चा, आमच्या गावची टीम त्या बुटक्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकणार का. यंदाच्या फराळाला तोच विषय. जावई म्हणाले, "दादा, तिकडे गेला तर बेंचवर बसेल, मग तुला झिरो." दादा म्हणाले, "यार, पण इथे तर त्याला चांगले पॉइंट आहेत." आणि चिवडा चघळत बसले.

मला काय वाटत होतं ते सांगते. आमच्या गावच्या टीममध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यातली माणसं कच्ची. त्याला वेळच मिळत नाही. दारात पाहुणे उभे असले की आपण ताट कुणाच्या हातात देतो? जो जवळ उभा असेल त्याच्या. जवळ उभा कोण, तर बुटका. अशा माणसाला कुठली टीम विकेल? तो उंच गडी मात्र मांडी धरून पळत होता. दोन रविवार मी बघत होते.

आणि दादांचीही एक खोड मला ठाऊक होती. मी गॅस बारीक करा म्हटलं की ते मोठा करणार. छत्री घ्या म्हटलं की भिजत जाणार.

तेव्हा मी पुढे झाले आणि चार माणसांत म्हणाले, "दादा, माझं ऐका, त्याला अजिबात सोडू नका. टीम काही त्याला विकत नाही. आता तर सगळे चेंडू त्यालाच येणार."

नातीने माझ्याकडे डोळे वटारले. "आजी, स्टॉप." मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

दादा हसले. "झालं, कोच बोलल्या." फोन काढला, सगळ्यांना दाखवत नातीच्या ट्रेडवर अंगठा टेकवला. "घ्या, दिला. मावशी ठेवा म्हणतायत म्हणजे सोडलाच पाहिजे."

स्वयंपाकघरात नात फुरफुरत आली. "व्हाय वुड यू टेल हिम द ट्रूथ?"

"मग काय खोटं बोलायचं मोठ्यांशी?" मी म्हटलं, आणि करंज्यांच्या डब्याला झाकण लावलं.

टीमने बुटक्याला विकला नाही. पुढच्या रविवारी त्याने नऊ चेंडू पकडले. उंच गड्याची मांडी गेली ती गेलीच. आम्ही चढत चढत चौथे आलो, दादा घसरत घसरत तळाला. दर रविवारी मी त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि त्यांचं तोंड बघायचे. काय सांगू, साखर घालायची गरज नव्हती.

संक्रांतीला आमच्याच स्वयंपाकघरात दादा लाटायला उभे राहिले. गूळ कडेपर्यंत पोचला नाही तर पोळी कडक, जास्त सरकला तर फुटून तव्यावर जळतो. त्यांचा प्रत्येक वेळी फुटला. दोनदा धुराचा अलार्म वाजला. लेक मदतीला उठली तर मी म्हटलं, "बस गं, नियम म्हणजे नियम." मी समोर खुर्ची टाकून बसले होते. दादांच्या बोटांना चटके बसत होते. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

पंचवीस-एक पोळ्या झाल्यावर ते कपाळ पुसत माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, तुम्हाला खरंच कळतं यातलं. मी तेव्हा ऐकायला पाहिजे होतं. पुढच्या सीझनला पहिला कोणाला घेऊ, सांगा ना. तुम्ही म्हणाल तोच घेणार."

वर्षभर मला हेच ऐकायचं होतं, हे कबूल करते. क्षणभर मन विरघळलंही. मग तो फोन आठवला, साताऱ्याची पोरं आठवली.

मी नीट विचार केल्यासारखं केलं. आणि ज्याची गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालीत, ज्याला त्याची टीम सोडायला निघालीय, त्या गड्याचं नाव सांगितलं. दादांनी पिठाच्या हाताने फोनमध्ये लिहून घेतलं.