वोबे डच झाला तो दिवस

वोबे झाइलस्ट्रा सहा फूट पाच इंच उंच होता आणि आवाज असा, की तीन शेतांपलीकडची गुरं माना वर करायची. पेशाने दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी मात्र तो गावातल्या हौशी मंडळात जायचा. हे लोक जुने कोट, जुन्या सायकली जमवून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले प्रसंग उभे करायचे. पहिल्याच दिवशी त्याची उंची बघून त्याला जर्मन सार्जंट केलं, आणि एकवीस वर्षं तो जर्मनच राहिला. बायको, सीत्स्के, तो गणवेश घरात येऊ देत नसे. "गोठ्यात टांग. लागू दे शेणाचा वास, शोभेल त्याला," म्हणायची.

त्या मार्चमध्ये फ्रीसलंड या डच प्रांतातल्या, जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीवर माहितीपट करायला टीव्हीवाले आले. दिग्दर्शिका मारलूस, तिशीतली चुणचुणीत पोरगी. तिने शेजारच्या छपरावरचे सोलर पॅनेल ताडपत्रीने झाकून घेतले आणि कालव्यावरच्या पुलापाशी कॅमेरा लावला. प्रसंग खरा होता. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात सतरा वर्षांची हिल्के लपलेल्या लोकांसाठी कोटाच्या अस्तरात रेशनकार्डं शिवून सायकलवरून निघाली होती, आणि याच पुलावर एका जर्मन सैनिकाने तिला अडवलं होतं. ती हिल्के आता ब्याण्णव वर्षांची. पायांवर ब्लँकेट घेऊन ती खुर्चीत बसली होती.

"हाल्ट!" वोबे गरजला. हिल्केचं काम करणाऱ्या मुलीच्या हातून सायकलच सुटली. कालव्यातली बदकं उडाली.

"थांबवा रे!" आजीने काठी आपटली. "अरे, तुला आगगाडी थांबवायचीय का?"

सगळे फिसकन हसले. वोबेचे कान लाल झाले.

"माझा जर्मन ओरडला नाही," आजी म्हणाली. "पन्नाशीचा होता, नाक गळत होतं बिचाऱ्याचं. नुसता बघत राहिला. त्याचीच जास्त भीती वाटली मला. ओरडणारा काय करणार ते कळतं तरी."

"मग तुम्ही काय केलंत?" मारलूसने विचारलं.

"रुमाल दिला. तो नाक पुसेपर्यंत मी पुलापलीकडे."

मारलूस ओरडली, "रुमाल! कुणाकडे रुमाल आहे?"

या वेळी वोबे नुसता बघत राहिला, आणि प्रसंग असा रंगला की आजीने मान डोलावली. मग तिने विचारलं, "माझ्या बाबांचं काम कोण करतंय?"

फोप्पे मास्तर पुढे आले. शाळेतले किडकिडीत, बुटके मास्तर.

"हे? माझे बाबा वाकल्याशिवाय दारातून आत येत नसत. त्या लांबड्याला घ्या."

"घ्याच!" मास्तरांनी तिथल्या तिथे कोट उतरवला. "एकवीस वर्षं याच्या शिव्या खाल्ल्यात मी. आण इकडे ते सार्जंटपद!"

बाबांच्या वेषातलं, घोंगडीच्या बाह्यांचं जाकीट वोबेने अंगात चढवलं. सूप घेऊन आलेल्या सीत्स्केने त्याची कॉलर नीट केली. "बघू तरी, माणसासारखा दिसतोस का," ती म्हणाली, पण हात लगेच काढला नाही.

बाबांना एकच वाक्य होतं. घरातल्या जमिनीची फळी उचलायची आणि खाली जर्मनांपासून लपलेल्या तिघांना म्हणायचं, "या वर, जेवण तयार आहे."

वोबेने फळी उचलली. "या वर!" आणि खालचे तिघे सवयीने हात वर करून उभे राहिले.

हसता हसता कॅमेरावाल्याला खाली बसावं लागलं. आजी डोळे पुसत म्हणाली, "बाळा, हळू. शेजारच्या खोलीत मी झोपलेली असायची."

तिसऱ्या वेळी वोबे फळीपाशी गुडघ्यांवर बसला आणि इतक्या हलक्या आवाजात बोलला, की सीत्स्केनेसुद्धा तो आवाज कधी ऐकला नव्हता. आजी म्हणाली, "हं. असंच."

मे महिन्यात माहितीपट दाखवला गेला. सगळा गाव कॅफेत जमला होता. वोबे पडद्यावर नऊ सेकंद होता, आणि त्या नऊ सेकंदांत मास्तर टेबलावर उभे राहून शिट्ट्या मारत होते.

निघताना आजीने वोबेची बाही धरली. "बाबा, मला घरी सोडता?"

त्याने तिला गाडीत पुढे बसवलं आणि मुद्दाम लांबचा रस्ता धरला. आजी काठीने एकेक घर दाखवत होती. इथे चोरून ठेवलेला रेडिओ होता. इथे दोघी बहिणी लपल्या होत्या, दोन वर्षं माळ्यावर.

"आणि इथे," ती म्हणाली, "डुक्कर लपवलं होतं. सगळ्यांत जास्त आवाज त्याचाच. तो ऐकू जाऊ नये म्हणून दर रविवारी आम्ही सगळे स्तोत्रं म्हणायचो, घसा फोडून!"

आणि तिने काच खाली करून गायलाच सुरुवात केली.